सतलज शिकायची, तीही सांगलीत बसून

राज्यसेवेचा भूगोल नव्याने हातात घेतलेली अभ्यासिकेतली पोरं विचारतात, नद्या लक्षात कशा ठेवायच्या? उपनद्यांची यादी घोकू नका, हे पहिलं. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठून काय बघतो? कोयनेचा विसर्ग, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलं, आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फूट. वर पाणी कोणाच्या हातात आणि खाली कोणी अडवलंय, हेच प्रश्न नकाशाला विचारायचे.

सुरुवात सतलजपासून करा. ब्रह्मपुत्रेवर सगळेच लिहितात. कोऱ्या कागदावर आधी देशांच्या सीमा आखा, मग नदी. तिबेटात राक्षसतालाजवळून निघून ती शिपकी ला खिंडीपाशी हिमाचलात शिरते. खाबला स्पिती मिळते, पुढे भाक्रा धरण, रोपडला मैदान. हरिकेला बियास येते. इंदिरा गांधी कालव्याला पाणी इथूनच. फिरोजपूरकडे काही अंतर सीमेच्या अंगाने वाहून ती पाकिस्तानात जाते, चिनाबला मिळते. मग दोघींचा एकत्र प्रवाह म्हणजे पंजनद, आणि तो मिठणकोटजवळ सिंधूला मिळतो.

शिपकी लापाशी जरा थांबा. एवढी डोंगररांग नदीने फोडली कशी? डोंगर उचलला जाण्याआधीपासून ती वाहतच होती. तो वर येत गेला, ही कापत गेली. मार्क या कारणाला मिळतात, गावांच्या नावांना नाही.

माझी आवडती नदी मात्र पारेचू. उगम हिमाचलात, लडाखमधून तिबेटात, आणि परत हिमाचलात येऊन स्पितीला मिळायचं! २००४ मध्ये तिबेटात दरड कोसळून तिचं पाणी तुंबलं, तलाव झाला. उपग्रहाच्या चित्रांवरून त्यावर नजर होती. जून २००५ मध्ये तो फुटला आणि सतलजच्या खोऱ्यातले पूल, रस्ते वाहून गेले. पुढच्याच महिन्यात आपली सांगली पाण्यात होती. आपत्ती व्यवस्थापनाच्या उत्तरात ही दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी लिहा, उत्तर वेगळं दिसतं.

करार शेवटी वाचा, नकाशा हातात बसल्यावर. १९६० च्या सिंधू जलकरारात सतलज, बियास, रावी भारताकडे आल्या. सिंधू, झेलम, चिनाबचं पाणी मुख्यतः पाकिस्तानला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने हा करार स्थगित केला, तेव्हा मुलाखतीला यावर प्रश्न येणार हे धरूनच चाला. आणि चीनशी पाणीवाटपाचा करारच नाही, हे तिथे विसरू नका.