बचाव हेलिकॉप्टर उतरवायला जागा कशी तयार करावी

लोकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या बचाव हेलिकॉप्टर सेवांना बराच जुना इतिहास आहे. स्वित्झर्लंडची रेगा १९५२ मध्ये स्थापन झाली आणि पुढे सामान्य वर्गणीदारांच्या बळावर वाढली. ब्रिटनमधली पहिली खास हवाई रुग्णवाहिका कॉर्नवॉलमध्ये १९८७ साली सुरू झाली, तीही देणग्यांच्या जोरावर. पण लोकांचा वाटा पैसे देऊन संपत नाही. हेलिकॉप्टर येतं तेव्हा जमिनीवर आधीपासून हजर असतात ते आसपासचे लोकच, आणि हवेत वाचवलेली मिनिटं जमिनीवर वाया जाऊ न देणं त्यांच्याच हातात असतं.

पहिलं काम म्हणजे ठिकाण अचूक कळवणं. अक्षांश-रेखांश वाचताना ते कोणत्या पद्धतीत आहेत, हेही सांगा: दशांश अंश, की अंश-मिनिटं. गफलत इथेच होते. ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटं. ऐकणाऱ्याने ती ३० मिनिटं समजली, तर अक्षांशात सुमारे २२ किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून आकडे परत म्हणून घ्या.

जागा दिवसा किमान ३० × ३० मीटर हवी, रात्री बाजू दुप्पट धरा. साधारण ४० पावलं म्हणजे ३० मीटर. बचावासाठी वापरल्या जाणाऱ्या हेलिकॉप्टरांपैकी एच-१४५ चा पंखा ११ मीटरच्या आसपास आणि एडब्ल्यू-१३९ चा १३.८ मीटर व्यासाचा असतो, तरी भोवती मोकळीक लागतेच. जमीन टणक आणि शक्य तितकी सपाट असावी. एडब्ल्यू-१३९ चं वजन सहा टनांच्या वर जाऊ शकतं, चिखलात चाकं रुततात. सुकी धूळ तर फारच वाईट: उतरताना ढग उठतो आणि शेवटच्या काही मीटरमध्ये वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते. गवताळ जागा मिळाली तर तीच निवडा. नाहीच मिळाली आणि पाणी हाताशी असलं, तर धूळ बसेल इतकं शिंपडा, चिखल होऊ देऊ नका.

तारांकडे मात्र सर्वात जास्त लक्ष द्या. वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. त्यामुळे तार शोधत बसण्यापेक्षा खांब शोधा आणि एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत नजर फिरवा. मग दिशा आणि अंतर दोन्ही कळवा: ‘उत्तरेला ६० मीटरवर विजेच्या तारा.’ नुसतं ‘जपून या’ म्हटल्याने वैमानिकाला काहीच कळत नाही.

पंख्याचा झोत आसपासच्या सैल वस्तू उडवतो. टोप्या, छत्र्या, ताडपत्री, पिशव्या आणि रुग्णावर पांघरलेलं चंदेरी फॉइल दूर न्या किंवा घट्ट बांधा. फॉइल इंजिनात ओढलं गेलं तर हेलिकॉप्टर तिथेच अडकतं. रुग्णाचे डोळे आणि कान झाका. बघ्यांना आणि जनावरांना किमान ५० मीटर मागे हटवा.

हेलिकॉप्टर वाऱ्याला सामोरं येऊन उतरतं. खुणेसाठी एकानेच वारा येतो त्या बाजूच्या कडेला, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं आणि दोन्ही हात इंग्रजी वाय अक्षरासारखे वर करावेत. याचा अर्थ ‘मदत हवी आहे’. एक हात वर आणि एक खाली म्हणजे ‘नको’, म्हणून उत्साहाने एक हात हलवू नका. हेलिकॉप्टर जवळ आलं की तिथेच गुडघ्यावर बसा. उतरायचं की नाही हे शेवटी वैमानिकच ठरवतो, त्याच्याशी वाद घालू नये.

रात्री विजेरीचा झोत कधीही वर मारू नका. वैमानिक अंधारात पाहण्याचे चष्मे वापरत असेल तर त्याची नजर दिपते. गाडीचे दिवे खालच्या बीमवर, जमिनीकडे. मशाल किंवा शेकोटी नको, ठिणग्या उडतात.

हेलिकॉप्टर टेकलं तरी धावत जाऊ नका. आतला माणूस खूण करेल तेव्हाच, त्याला दिसाल असे समोरच्या बाजूने जा. शेपटीकडे अजिबात नाही. तिथला छोटा पंखा फिरताना जवळपास दिसत नाही. जमीन उतरती असेल तर खालच्या अंगाने जवळ जा, कारण वरच्या अंगाला पंखा डोक्याच्या उंचीवर येतो. सलाइनचा दांडा, स्ट्रेचर आडवं आणि खाली धरा. इंजिन बंद केल्यावर धोका टळला असं समजू नका: वेग कमी होताना पाती खाली लवतात, वारा असेल तर आणखीच.

दोरीने माणूस उचलायचा असेल तर दोरीच्या टोकाच्या आकड्याला हात लावण्याआधी तो जमिनीला टेकू द्या, त्यात साठलेल्या स्थिर विजेचा जोरदार झटका बसतो. दोरी झाडाला किंवा गाडीला बांधणं म्हणजे हेलिकॉप्टरच बांधून ठेवणं. ते कधीही करू नये.

हेलिकॉप्टर उडाल्यावर पाच-एक मिनिटं जागा मोकळीच ठेवा. काही बिघाड झाला तर ते त्याच जागी परत उतरतं.