संगीतकाराची मुलाखत कशी घ्यावी: ‘प्रेरणास्थान कोण?’ न विचारता

लोकप्रिय गायक-संगीतकारांच्या मुलाखतींमध्ये ‘तुमचे प्रेरणास्थान कोण?’ हा प्रश्न हमखास असतो आणि त्याचे उत्तरही हमखास ठरलेले असते: आई-वडील, गुरू, लतादीदी, आणि ‘चांगले ते सगळेच’. हे उत्तर खोटे नसते. पण इतक्या वेळा दिलेले असते की ते गुळगुळीत झालेले असते आणि लिहिणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. दिवाळी अंकासाठी, महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी किंवा स्वतःच्या वाहिनीसाठी मुंबईतल्या एखाद्या कलावंताचा तासभर वेळ ज्यांना मिळाला आहे, त्यांनी तो तास कसा वापरावा हे येथे सांगितले आहे.

वेळ मागण्यापूर्वी पंचांग पाहावे. गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी पहाटेच्या मैफली या काळात गायक, ढोलकीवादक, बँजो पथकवाले यांच्या सुपाऱ्या, म्हणजे आधीच ठरलेले कार्यक्रम, एकापाठोपाठ एक लागलेल्या असतात. पितृपक्षाचा पंधरवडा मात्र बहुधा मोकळा मिळतो. नाट्यगृहात प्रयोगापूर्वी भेटण्याचे निमंत्रण आले, तर ते नम्रपणे नाकारावे. साउंड चेक, साथीदारांची पाकिटे आणि भेटायला आलेली मंडळी यांच्यामध्ये कोणाचेही मन बोलण्यात राहत नाही. घर उत्तम, कारण घरात वाद्य असते.

तयारी म्हणजे चरित्राची माहिती पाठ करणे नव्हे. कलावंताची चार-पाच गाणी निवडून प्रत्येक गाणे निदान दहा वेळा ऐकावे आणि मुखड्याला, अंतऱ्याला, मधल्या संगीताला कोणत्या ठिकाणी आपले कान टवकारले, तेवढेच वहीत वेळेसह नोंदवावे. गायक कोणत्या पट्टीत गातो, म्हणजे हार्मोनियमची कोणती पट्टी त्याचा षड्ज, काळी एक की पांढरी पाच, हे कळत नसेल तर हार्मोनियम वाजवणाऱ्या मित्राला विचारावे. गाण्याचे संगीत संयोजन, म्हणजे कोणते वाद्य कुठे काय वाजवेल याची आखणी, कोणी केले, हे शोधणे अधिक महत्त्वाचे आहे आणि अधिक कठीणही आहे, कारण जुन्या तबकड्यांवर संगीतकाराचे नाव ठळक असे, संयोजकाचे बहुधा नसेच. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याकडच्या वादक-संयोजकांनी वाद्यवृंदाचे रूप घडवले, आणि गोन्साल्विस यांच्याकडेच लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. म्हणून ‘तुमच्यावर कोणाचा प्रभाव?’ याऐवजी ‘या गाण्याच्या वेळी खोलीत आणखी कोण कोण होते?’ असे विचारले, तर प्रभावाची नावे आपोआप बाहेर येतात.

आता मुख्य मुद्दा. प्रभाव हा नेहमी एखाद्या ठिकाणाला, वस्तूला किंवा आवाजाला चिकटलेला असतो. विशेषणांमध्ये तो सापडत नाही. भीमसेन जोशींचे उदाहरण सर्वपरिचित आहे. लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी कानावर पडली आणि असे गाणे आपल्याला आले पाहिजे या ध्यासाने १९३३ साली, अकराव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची; आयुष्याची दिशा बदलायला तेवढे गाणे पुरले. ही हकीकत आजही सांगितली जाते, कारण तीत गुरुभक्तीचे सर्वसाधारण वर्णन नाही, एक विशिष्ट तबकडी आहे. मुलाखतकाराने आपल्यासमोरच्या कलावंताकडून अशीच वस्तू मिळवायची असते: कोणत्या घरातला रेडिओ, कोणत्या मंडळाची आरती, कोणाच्या लग्नातला बँड.

त्यासाठी सर्वांत उपयोगी शब्द म्हणजे ‘जागा’, अर्थात गाण्यातले कानात राहणारे एखादे छोटे सुरेल वळण. ‘दुसऱ्या अंतऱ्यातली ही जागा कुठून आली?’ हा प्रश्न कोणत्याही गाणाऱ्या माणसाला टाळता येत नाही. उपनगरात राहणाऱ्या एका ज्येष्ठ संगीतकारांकडे मी सुरुवातीला प्रेरणेचाच प्रश्न विचारला आणि दोन मिनिटांत ठरलेले उत्तर घेऊन बसलो. मग अंतऱ्याच्या शेवटी मध्यमावरून गंधाराला स्पर्श करून षड्जावर येणारी एक छोटी हरकत मी गुणगुणून दाखवली, अर्थात बेसूर. त्यांनी हसून हार्मोनियम पुढे ओढली, भाता उघडला, ती ओळ तीनदा वाजवली आणि म्हणाले की, ही माझी नाहीच. आमच्या चाळीत तळमजल्यावर राहणारे, गिरणीत कामाला असलेले एक काका गुरुवारच्या भजनात गजर चढवताना ही जागा घ्यायचे. पुढचा पाऊण तास त्या चाळीतच गेला. आधी त्यांनी ज्या थोर संगीतकारांची नावे घेतली होती, त्यांपैकी एकाचाही उल्लेख पुन्हा झाला नाही.

या प्रसंगात माझी एक चूकही झाली. ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल मी हार्मोनियमच्याच झाकणावर ठेवला होता, त्यामुळे भात्याची धडधड आणि बोटांचा खडखडाट शब्दांवर चढला आणि सर्वांत मोलाची पाच मिनिटे मला अंदाजाने उतरवून घ्यावी लागली. तेव्हापासून मी फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, वाद्यापासून हातभर दूर आणि बोलणाऱ्याच्या बाजूला ठेवतो, त्याचे इंटरनेट आणि कॉल बंद करतो, शिवाय दुसऱ्या यंत्रावर वेगळे ध्वनिमुद्रण चालू ठेवतो. मुंबईच्या घरात रस्त्याचे हॉर्न आणि कुकरची शिट्टी असणारच. पंखा मात्र विनंती करून बंद करता येतो. उकाडा सोसावा लागतो, एवढेच.

नव्या कलावंतांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. मराठी माणसाचे गाणे म्हटले की प्रभाव लोकसंगीतातच शोधायचा, अशी आपली सवय असते आणि प्रश्नही तसेच पडतात. अजय-अतुल यांच्या गाण्यांत ढोलकी आणि संबळ ऐकणाऱ्याला त्यांनी मनापासून मानलेले दाक्षिणात्य संगीतकार इळैयाराजा दिसतीलच असे नाही, आणि ‘सैराट’साठी त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, याचा संबंधही कळणार नाही. म्हणून ‘मातीतला सूर’ यांसारखी विशेषणे प्रश्नात घालू नयेत; ती घातली की समोरचाही मातीवरच बोलू लागतो.

कारकिर्दीचा प्रश्न विचारताना मात्र थेट पैशांवर आणि कामांवर यावे. पहिले मानधन किती मिळाले, आकाशवाणीची श्रुतिपरीक्षा (ऑडिशन) कितव्या खेपेला पार पडली, कोरसमध्ये किती वर्षे उभे राहिलात, पहिल्या कार्यक्रमाची सुपारी कोणी दिली, असे विचारले म्हणजे यशोगाथेच्या मागचा रोजचा व्यवहार दिसतो. ‘संघर्ष’ हा शब्द आपण वापरू नये. तो उच्चारला की नेहमीची सांगून सांगून मुरलेली कहाणी सुरू होते आणि ती मध्येच थांबवणे उद्धटपणाचे ठरते.

सन-तारखांची पडताळणी हे कंटाळवाणे पण अटळ काम आहे. माणसाला गाणे अचूक आठवते, साल आठवत नाही. म्हणून साल विचारण्याऐवजी शहराच्या खुणा विचाराव्यात: हे गिरणी संपाच्या आधीचे की नंतरचे? संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, त्यामुळे लालबाग-परळच्या कलावंताचे उत्तर त्यावरून लगेच जागेवर बसते. तरुणांसाठी २६ जुलै २००५ चा पूर ही तशीच खूण आहे. घरी आल्यावर उत्तरे तपासावीत. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली आणि मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा ‘१९५४ मध्ये विविध भारतीवर ऐकले’ असे कोणी सांगितले, तर आठवण खरी असली तरी केंद्र किंवा साल यांपैकी एक चुकले आहे. गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चालले, हेही हाताशी असू द्यावे, कारण त्या पिढीतले कलावंत स्वतःचे बालपण अनेकदा त्यावरूनच मोजतात. अशी विसंगती सापडल्यास छापून चूक दाखवू नये. फोन करून विचारावे. बहुतेक वेळा फोनवर आणखी एक आठवण मिळते.

शब्दांकन करताना बोलण्याचा बाज राखावा. ‘चाल बांधली’ याचे ‘संगीतबद्ध केले’ करू नये आणि ‘टेक ओके झाला’ याचे शुद्धीकरण करू नये. हयात व्यक्तींविषयी रागाच्या भरात आलेली वाक्ये छापण्यापूर्वी कलावंताला एकदा वाचून दाखवावीत. संपूर्ण मसुदा मात्र पाठवू नये, कारण तो परत येतो तेव्हा चाळीतले काका गेलेले असतात आणि थोर संगीतकारांची यादी परत आलेली असते.

मुलाखतीच्या वेळी जुनी छायाचित्रे, कॅसेटचे मुखपृष्ठ किंवा कार्यक्रमाची पत्रिका उसनी घेतली असेल, तर मागील बाजूस काहीही न लिहिता तिची प्रतिमा काढून आठवड्याच्या आत स्वतः जाऊन परत करावी, कुरियरने पाठवू नये. त्या दुसऱ्या भेटीत छायाचित्रातला तिसरा माणूस कोण, हे विचारायचे राहून गेले असेल तर विचारून घ्यावे आणि नाव तिथल्या तिथे वहीत लिहावे.