कातरणीच्या दिवसांत: हातकताईसाठी दख्खनी लोकर अशी राखा

पाऊस उघडला, दसरा-दिवाळी आली की कातरणीची घाई सुरू होते. धनगरांचे वाडे (कळपांसह फिरते मुक्काम) कोकणाकडे निघण्याआधी किंवा शेतात मेंढरं बसवायला जाण्याआधी अंगावरची लोकर उतरवायची असते. पण आज बऱ्याच ठिकाणी लोकरीचा भाव कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा भागवत नाही, म्हणून ती बांधावर फेकली जाते. हे बघवत नाही. चरख्यावर, टकळीवर सूत कातणारी हौशी आणि व्यावसायिक माणसं स्वच्छ, निवडलेली गावरान लोकर शोधत असतात. त्यांना हवी तशी लोकर कातरणीच्या जागेवरच तयार होते. तिथं बिघडलेली नंतर कितीही धुतली तरी सुधारत नाही.

कातरणीच्या दोन-तीन दिवस आधी वाहत्या पाण्यात मेंढ्या धुवा आणि अंग पूर्ण सुकेपर्यंत धूळ नसलेल्या गवताळ जागी ठेवा. ओलसर लोकर कातरून पोत्यात भरली की कुबट वास येतो, पुढे बुरशी धरते. गोचिडाचं औषध कातरणीआधी मारू नका. त्याचा अंश कातणाऱ्याच्या हाताला लागतो. कातरून जखमा भरल्यावर पशुवैद्यकाला विचारून औषध द्या. खुणेसाठी ऑइलपेंट किंवा डांबरही नको, ते धुऊन निघत नाही.

कातरताना खाली स्वच्छ सुती चादर अंथरा. एकाच जागी दोनदा कात्री फिरवू नका. दुसऱ्या वेळी निघणारे अर्धा-पाऊण इंचाचे तुकडे सुतात गाठी पाडतात आणि कातणारा पुन्हा तुमच्याकडे येत नाही. दख्खनी लोकर वर्षातून दोनदा निघते, त्यामुळे धागा मुळातच आखूड. त्यात ही भर नको.

निवड लगेच, चादरीवरच करा. खांदा आणि बरगड्यांवरची लोकर सर्वांत चांगली, ती वेगळी. पोट, पाय, शेपटीकडची आणि कुसळं-गोखरू अडकलेली बाजूला. काळी, करडी, पांढरी मिसळू नका. न रंगवलेला रंग हाच या लोकरीचा मोठा गुण आहे. कोकराचं जावळ तर स्वतंत्र पिशवीतच ठेवा. ते मऊ असतं, त्याला जास्त भाव मागा.

मग ताकद तपासा. शिसपेन्सिलीएवढी बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ न्या आणि झटका द्या. ताणलेली तार वाजल्यासारखा आवाज आला तर धागा पक्का. कचकच वाजून मध्येच तुटली तर जनावर मध्यंतरी आजारी होतं किंवा चाऱ्याला कमी पडलं होतं. अशी लोकर कातायला देऊ नका.

धुऊन विकायची तर हात पोळेल इतक्या गरम पाण्यात रिठा घालून लोकर नुसती बुडवून ठेवा. चोळू नका, वरून नळाची धार सोडू नका, गरमातून एकदम गार पाण्यात टाकू नका, धागे एकमेकांत गुंतून नमदा होतो. दाबून पाणी काढा आणि सावलीत पसरा. प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे लोकरीत मिसळतात, म्हणून सुती पिशव्या वापरा. कसर लागू नये म्हणून अधूनमधून उन्हं दाखवा.

भाव ठरवताना आधी आणि नंतर वजन करा. समजा एक किलो कच्च्या लोकरीची धुऊन ७०० ग्रॅम उरली, तर ३०० रुपये किलोने विकलेल्या धुतलेल्या लोकरीचे एका कच्च्या किलोमागे २१० रुपये आले; त्यातून धुण्याचा खर्च वजा. गिऱ्हाइकाला आधी ५० ग्रॅमचा नमुना पाठवा. चिठ्ठीवर मेंढीची जात, गाव, कातरणीचा महिना, रंग, बटेची लांबी लिहा आणि लोकर जाडीभरडी आहे हेही स्पष्ट लिहा. ती घोंगडी, आसन, सतरंजी, पिशवीसाठी उत्तम. अंगाला लागून घालायच्या स्वेटरसाठी नव्हे. माडग्याळ जातीच्या मेंढीला लोकर फार थोडी, तिच्या भरवशावर ऑर्डर घेऊ नका.

बाजूला काढलेली घाण लोकर टाकू नका. डाळिंब किंवा आंब्याच्या आळ्यात पसरून वर माती ओढा. ओल टिकते आणि कुजताना नत्र मिळतं.