कोकणात मार्केटिंग शिकताना: इन्स्टाग्राम कुठे, ई-बर्ड कुठे

कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांची, आंबा बागायतदारांची आणि स्कूबावाल्यांची सोशल मीडियाची कामं मी करतो. या कामात नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, सगळा जोर इन्स्टाग्राम-फेसबुकवर लावायचा की छंदवाल्यांच्या छोट्या नेटवर्कवरही जायचं? मी त्यांना आधी एवढंच विचारतो की गिऱ्हाइकाला तुमच्यापर्यंत येण्याआधी काय माहीत असतं?

तारकर्लीत स्कूबा करायला येणाऱ्या बहुतेकांचं आधी काहीच ठरलेलं नसतं. गोवा की अलिबाग अशी चर्चा घरात चालू असते आणि तेवढ्यात कोणी तरी पाण्याखालचं रील दाखवतं. इथे मोठं नेटवर्कच लागतं. तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांनाही रील दिसतं, हाच त्याचा फायदा. जाहिरातीला पैसे घालणार असाल तर अख्खा महाराष्ट्र निवडू नका. पुणे, ठाणे, कोल्हापूर, बेळगाव एवढं पुरतं. पावसाळ्यात समुद्रातलं सगळं बंद, त्यामुळे जून-जुलैत खर्च करण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या सुट्ट्या पकडायच्या तर गणपती उरकले की लगेच सुरुवात करा. आणि पोस्टच्या मजकुरात दिलेली लिंक इन्स्टाग्रामवर दाबून उघडत नाही, तेव्हा फोन नंबर आणि व्हॉट्सअॅपची लिंक प्रोफाइलवरच हवी. हे सांगून सांगून मी थकलो.

हापूसचं गणित वेगळं आहे. हापूस म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. शंका एकच, खरा आहे का? २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने खपतोच. ही शंका रीलने जात नाही, ओळखीने जाते. म्हणून आंब्याला व्हॉट्सअॅप. एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणाऱ्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. तेव्हा पेटीवर नंबर छापा आणि सेव्ह करायला तोंडी सांगा. शिमगा-गणपतीला चाकरमानी गावात असतात, नंबर तेव्हाच मिळतात. गिऱ्हाइकांचा ग्रुप मात्र काढू नका. एकाने डागी आंब्याचा फोटो टाकला की उरलेले सगळे आपापली पेटी उघडून बसतात. दुसरा विचारतो, मला डझनाला जास्त का लावले?

आता छोट्या नेटवर्ककडे येऊ, कारण इथे मुलांचा गोंधळ जास्त होतो. आंबोलीचंच घ्या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्याखाली गर्दी करणारे इन्स्टाग्राम बघून येतात, भिजतात, भजी खातात आणि संध्याकाळी घाट उतरतात. मुक्काम करत नाहीत. त्याच आंबोलीत त्याच दिवसांत बेडकांचे फोटो काढायला दुसरी माणसं येतात. मलबारी उडता बेडूक बघायचाय, किंवा २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदवलेला आंबोली टोड, हे त्यांचं घरूनच ठरलेलं असतं. मधल्या वारीही राहतात. रात्री टॉर्च घेऊन फिरतात, उशिरा परततात, जेवण झाकून ठेवावं लागतं. अशा माणसाला तुमच्या रीलवरचं गाणं नको असतं. तो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे लोकांनी पाहिलेल्या प्राणी-वनस्पतींच्या नोंदींच्या नेटवर्कवर, नोंदी बघतो, पक्षीवाला असेल तर ई-बर्डचा नकाशा बघतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेल्या या ई-बर्डवर कुठल्या भागात कोणता पक्षी कोणत्या महिन्यात दिसतो, ते सहज कळतं.

तिथे जाहिरात करता येत नाही, करूही नये. तिथे पाहिलेल्या पक्ष्यांची यादी भरायची असते. मालकाने किंवा घरातल्या कोणी सकाळी परसात दिसलेले पक्षी प्रामाणिकपणे नोंदवले की वर्षभरात गावाचं चित्र तयार होतं. ते बघून येणारा मग राहायची जागा गूगल मॅपवर शोधतो, म्हणून तिथलं लोकेशन आणि फोन नंबर बरोबर हवेत. न दिसलेला पक्षी दिसला म्हणून कधीच लिहू नका. अनोखी नोंद तपासणारे लोक तिथे आहेत, ते फोटो मागतात. मलबारी कवड्या धनेशाचं घरटं कुठल्या झाडावर आहे, हे तर कुठल्याच नेटवर्कवर टाकायचं नाही. पाहुण्यांची संख्या त्याने दोन दिवस वाढेल, पण धनेश तिथे टिकेल याची खात्री नाही.

यातून येणारे पाहुणे थोडेच असतात, हे मालकाला आधी सांगा, नाही तर महिन्याभरात "लाइक किती झाले?" सुरू होतं. त्यापेक्षा फोन करणाऱ्या प्रत्येकाला "आमच्याबद्दल कुठे पाहिलंत?" असं विचारायला लावा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. नाव आणि नंबरही त्याच वहीत. टिकटॉक २०२० मध्ये भारतात बंद झालं, कू हे भारतीय सोशल मीडिया अॅप २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं, आणि तिथल्या फॉलोअरांना दुसरीकडे हलवता आलं नाही.

पैशांचं म्हणाल तर रील आणि जाहिरातीचं काम मी महिन्याच्या ठरावीक रकमेवर घेतो. पक्ष्यांच्या यादीचे पैसे घेत नाही, एकदा बसून शिकवतो आणि सोडतो. कुडाळात बसून मला काय कळणार, आज तुमच्या वडावर धनेश आला होता की नाही?