पडवळाचा मांडव: पावसाआधीच घाला

परसात वेल लावायचे तर मांडव आधी, बी नंतर. मृग लागायच्या आत, माती कोरडी असतानाच खांब उभे करा. चिखलात रोवलेला खांब वेलाचं ओझं आलं की कलतो.

आठ फुटी चार बांबू पुरतात. वरचं टोक पेराला लागून कापा, म्हणजे पोकळीत पाणी साचून बांबू कुजत नाही. खालच्या दोन फुटांना डांबर फासा, वाळवी लागत नाही. खड्ड्यात खांबाभोवती विटांचे तुकडे पहारीने ठोकून बसवा, मग माती. वर आडवे बांबू आणि वीत-वीत अंतरावर काथ्याची जाळी. नायलॉन टिकतो खरा, पण वाळलेल्या वेलातून सोडवताना जीव जातो. काथ्या वेलासकट खतात टाकता येतो. मी काथ्याच वापरते.

आळ्यात शेणखत घालून दोन-तीन बिया टोचा. वेल सुतळीवरून वर चढेपर्यंत बाजूचे फुटवे खुडा, मांडवावर पोचला की शेंडाही खुडा. मग फांद्या फुटतात आणि मादी फुलं जास्त येतात. फूल तिन्हीसांजेला उमलतं, पांढरंशुभ्र, कडेला बारीक तंतूंची झालर. अवश्य बघा!

पडवळ वीतभर झालं की टोकाला सुतळीने लिंबाएवढा दगड बांधा, नाहीतर ते वेटोळं होतं. सुतळी सैल हवी, साल कापता कामा नये. नख सहज रुततंय तोवरच काढा. जून पडवळाची भाजी चोथट लागते.