डीएपीच्या रांगेत उभं राहण्याआधी: खरिपाच्या खताचा हिशेब

रोहिण्या लागल्या की कृषी सेवा केंद्रापुढं डीएपी या रासायनिक खतासाठी गर्दी सुरू होते. त्या गर्दीत शिरायच्या आधी एक वही घेऊन बसा आणि एवढंच लिहा: गेल्या खरिपात सोयाबीनला एकरी किती बॅगा टाकल्या?

आमच्या परभणी-हिंगोलीकडं हे विचारलं की अनेकांचं उत्तर सारखंच येतं. पेरताना दोन बॅगा डीएपी, आणि महिनाभरानं पीक फिकं दिसलं की वरून युरिया. आता परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस बघा. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र (नायट्रोजन), ६० किलो स्फुरद (फॉस्फरस), ३० किलो पालाश (पोटॅश) आणि २० किलो गंधक. एकराचा हिशेब काढला तर १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश, ८ किलो गंधक. डीएपीच्या ५० किलोच्या एका बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. म्हणजे एका बॅगेतच स्फुरदाची गरज जवळजवळ भागली. दुसरी बॅग कशासाठी? आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात जादा स्फुरदातला मोठा भाग चुन्यात अडकून बसतो, आणि वर पिकाला जस्त-लोह मिळणं अवघड करून ठेवतो.

आता पैसा मोजा. डीएपीची बॅग १३५० रुपयांना. पाच एकर सोयाबीन असलेल्या घरात एकरी एक बॅग कमी झाली तर ६७५० रुपये वाचले. पीएम किसानचे वर्षाचे तीन हप्ते मिळून होतात ६०००. खत कमी करण्याबद्दल सरकार काय देईल ते देईल, पण पहिलं अनुदान हे असं आपल्याच वहीत असतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. अंदाजानं खत तोडू नका. कुणाचं तरी ऐकून एका वर्षात सगळं बंद केलं आणि पीक बसलं, तर पुढच्या वर्षी तोच माणूस तीन बॅगा टाकतो. आधी माती तपासा. मेच्या कोरड्या रानात नमुना चांगला निघतो. नागमोडी चालत एकसारख्या रानातून आठ-दहा ठिकाणं धरा, इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून काढा. बांध, झाडाची सावली, विहिरीची कड आणि शेणखताचा ढीग होता ती जागा टाळा. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरू नका, आकडे चुकतात. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. भारी आणि हलकं रान एकाच पिशवीत घालू नका.

माती तपासणीची पत्रिका हाती आली की सरळ हिशेब आहे. एखादं अन्नद्रव्य भरपूर असेल तर शिफारशीतून पाव हिस्सा कमी करा, कमी असेल तर पाव हिस्सा वाढवा. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर निघतो आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून येणारा कस, कमी. कर्ब कमी असलेल्या रानात बॅगा वाढवून फारसं साधत नाही. तिथं उकिरड्यावरचं कुजलेलं खत लागतं आणि सोयाबीनचं भुसकट बांधावर न पेटवता रानात परतवावं लागतं.

डीएपी मिळाली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. एकरी तीन बॅगा सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं तर २४ किलो स्फुरद होतं आणि गंधकही त्यातच येतं, जे डीएपीत नाही. सोबत साधारण २६ किलो युरिया आणि पत्रिकेप्रमाणे पोटॅश. गेल्या वर्षी एका दुकानात मला डीएपीबरोबर नको असलेल्या दोन बाटल्या गळ्यात मारल्या. अशी सक्ती नियमात बसत नाही. पक्कं बिल मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या.

खत फोकून देऊ नका. बी आणि खत वेगळं सोडणाऱ्या दोन चाड्यांच्या पाभरीनं पेरा, म्हणजे खत बियाच्या खाली आणि जरा बाजूला पडतं. बियात खत मिसळून पेरलं तर उगवण मार खाते. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र देणारे जिवाणू) व स्फुरद विरघळवणारं जिवाणू संवर्धन लावा. पावडर असेल तर दहा किलोला प्रत्येकी २५० ग्रॅम, द्रवरूप असेल तर १०० मिली. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

आता सरकारी पैशाचं. केंद्रानं जून २०२३ मध्ये पीएम-प्रणाम योजना मंजूर केली. राज्याचा रासायनिक खतांचा वापर मागच्या तीन वर्षांच्या सरासरीखाली आला तर वाचलेल्या खत-अनुदानातली निम्मी रक्कम राज्याला मिळावी, अशी तिची मांडणी आहे. ती रक्कम तुमच्या खात्यात थेट येत नाही. माझ्या मते इथंच ती कमी पडते. ज्यानं बॅग कमी केली त्याच्या हातात काहीतरी पडायला हवं. ग्रामसभेत हा प्रश्न विचारा.

थेट पैसे येतात अशा दोन वाटा आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात एकरी वर्षाला ४००० रुपये, दोन वर्षं, एका एकरापर्यंत. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५,००० शेतकऱ्याच्या खात्यावर. दोन्ही गटातून चालतात, म्हणून आत्ताच सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहायक) भेटा आणि फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, काढलेला नसेल तर काढून घ्या. घरी जनावरं असतील तर एक एकर त्यात घाला. पाचही एकर एकदम घालू नका, कारण या रानात रासायनिक काहीच चालत नाही आणि पहिली दोन वर्षं हात बसायला लागतात.

आणि महिनाभरानं पीक पिवळं दिसलं की युरिया आणायला धावू नका. आधी पान बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, युरियानं ती जात नाही. साचलेलं पाणी काढा, वाफसा येऊ द्या आणि दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन फवारा. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर खुरप्यानं मातीसकट एक झाड उचला. ओढून काढलं तर गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि एखादी गाठ नखानं फोडा. आत लालसर-गुलाबी दिसलं तर ती गाठ हवेतलं नत्र पिकाला देतेय, त्या रानाला युरिया नको. आत पांढरं किंवा हिरवट निघालं तर दुसरं, तिसरं झाड तसंच उचलून बघा, वेगवेगळ्या तासातलं. सगळीकडं तसंच निघालं, तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना रानात बोलवा आणि ती मुळं त्यांच्या हातात द्या.