फ्रेंचसाठी आपल्या आमदाराला कामाला कसं लावायचं: कॅनडातल्या मराठी आईबाबांसाठी

मी मंक्टनला राहते, न्यू ब्रन्सविकमध्ये, आणि मुलगी फ्रेंच इमर्शनला आहे, म्हणजे शाळेत इतर विषयही फ्रेंचमधूनच शिकते. इथली मराठी मंडळी भेटली की विषय निघतोच, फ्रेंच पक्कं व्हायला काय करता, कुठली ट्यूशन, कुठलं ॲप. ते सगळं कराच, पण एक काम आपल्यातलं फारसं कोणी करत नाही, ते म्हणजे आपल्या आमदाराला यात ओढणं. कारण शाळेत फ्रेंच राहणार की नाही, शिक्षक मिळणार की नाही हे शेवटी विधानसभेत ठरतं, आणि तिथल्या लोकांची फ्रेंचसाठी एक चांगली जुनी यंत्रणा आहे जी आपल्याला माहितीच नसते.

तिचं नाव आसांब्ले पार्लमांतेर द ला फ्रांकोफोनी, सगळे एपीएफ म्हणतात. फ्रेंच बोलणाऱ्या किंवा फ्रेंचशी नातं असलेल्या देशांच्या आणि प्रांतांच्या आमदार-खासदारांची ही संघटना १९६७ मध्ये लक्झेंबर्गला सुरू झाली, म्हणजे फ्रेंचशी नातं असलेल्या देशांच्या सरकारांची फ्रांकोफोनी संघटना १९७० मध्ये नायजरमधल्या नियामेला उभी राहिली त्याच्याही आधी. ऑफिस पॅरिसला आहे, पण आपल्या कामाचा भाग पॅरिसमध्ये नाही. एपीएफचे चार विभाग आहेत, आफ्रिका, अमेरिका, युरोप आणि आशिया-पॅसिफिक, आणि अमेरिका विभागात कॅनडाची पार्लमेंट, क्युबेक, न्यू ब्रन्सविक, ओंटारिओ, मॅनिटोबा यांच्यासोबत हैती आणि यूएसएमधलं लुइझियाना राज्यसुद्धा बसतात. प्रत्येक विधानसभेचं एक सेक्शन असतं, म्हणजे एपीएफचं काम बघणारा तिथल्या आमदारांचा गट. विभागाची मोठी बैठक भरते तेव्हा हे लोक समोरासमोर बसून शाळा, शिक्षक, कायदे यांवर बोलतात, ठराव करतात. ठराव कोणावर बंधनकारक नसतो, हे आधीच सांगते, पण एका प्रांताच्या आमदाराने दुसऱ्याचा चालू असलेला कार्यक्रम बघितला की परत येऊन तो आपल्याकडे मागायला तोंड मिळतं. आपल्याला नेमकं तेच हवंय.

सुरुवात अशी करा. आपल्या विधानसभेच्या वेबसाईटवर एपीएफ सेक्शन शोधा, तिथे सदस्यांची नावं असतात. सापडलं नाही तर विधानसभेच्या क्लार्कच्या, म्हणजे सचिवांच्या, ऑफिसला सरळ फोन करून विचारा की सेक्शनचं काम कोण बघतं, कारण खरी माहिती त्या माणसाकडेच असते, बैठक कुठे आहे, कधी आहे, कोण जाणारे. आपला आमदार सदस्य नसला तरी पत्र त्यालाच लिहायचं, आणि सेक्शनच्या अध्यक्षांना कॉपी टाकायची. पीआर म्हणजे कायम रहिवासी आहात, वर्क परमिटवर आहात, मत देता येत नाही म्हणून गप्प बसू नका, तुम्ही त्या मतदारसंघात राहता एवढं पुरतं. आणि ओटावाला बसणाऱ्या आपल्या खासदाराला पार्लमेंटच्या पत्त्यावर पत्र टाकलं तर तिकीट लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता पत्र. इथे मी चुकलेय म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिलं पत्र मी दोन पानी लिहिलं, त्यात चार मागण्या, शिवाय माझी भाषेबद्दलची सगळी तळमळ, आणि उत्तर आलं तीन ओळींचं, आभारी आहोत, नोंद घेतली. दुसऱ्यांदा अर्धं पान लिहिलं, एकच मागणी, फ्रेंचमध्ये, व्याकरणाच्या चुका असणारच पण तसंच पाठवलं, आणि चौथ्या दिवशी ऑफिसमधून फोन. म्हणून एका पत्रात एकच गोष्ट मागा आणि ती आमदाराला बैठकीत उचलता येईल अशी असू दे. फ्रेंचचा विकास करा असं लिहाल तर तो काय करणार बिचारा.

उचलता येण्यासारखी म्हणजे कशी, तर लुइझियानाचं बघा. तिथे १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजी सक्तीचं केलं आणि फ्रेंच बोललं म्हणून पोरांना शिक्षा व्हायच्या, मैदानावर फ्रेंच बोलणार नाही असं शंभर शंभर वेळा लिहून घ्यायचे. दोन पिढ्यांत घरातली भाषा गेली. मग १९६८ मध्ये त्याच राज्याच्या विधिमंडळाने फ्रेंच टिकवण्यासाठी कोडोफिल ही संस्था कायद्याने उभी केली, ती आजही फ्रान्स, बेल्जियम, कॅनडाहून शिक्षक आणते. २०१३ मध्ये आणखी एक कायदा झाला, २५ मुलांच्या पालकांनी लेखी मागणी केली की स्कूल बोर्डाला इमर्शनचा वर्ग सुरू करावा लागतो. पंचवीस! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून उभी राहिले, कारण आपल्याकडे पंचवीस पालक एका गणपतीच्या आरतीला जमतात. तर पत्रात असं लिहा की लुइझियानाचे आमदार भेटतील तेव्हा या कायद्याचं प्रत्यक्षात कसं चाललंय ते विचारा आणि आल्यावर आम्हाला सांगा. झालं. नेमका प्रश्न, नेमकी माणसं, आणि आल्यावर सांगायचं काम.

शिवाय न्यू ब्रन्सविक आणि लुइझियानाचं नातं रक्ताचं आहे. १७५५ पासून ब्रिटिशांनी अकेडियन लोकांना, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्यांना, या किनाऱ्यावरून हाकललं, त्यातले बरेच फिरत फिरत लुइझियानाला पोचले, तिथे त्यांना केजन म्हणतात, तो शब्द अकादियँचाच झालेला अपभ्रंश. हे पत्रात एका ओळीत आलं तर इथल्या अकेडियन आमदाराला वेगळं काही समजवावं लागत नाही.

वेळ फार महत्त्वाची. बैठकीच्या आधी निदान दोन महिने पत्र पोचलं पाहिजे, विषयपत्रिका ठरून गेली की कोणी काही करू शकत नाही. एकट्याने लिहू नका, दहा-पंधरा पालकांनी आपापल्या शब्दांत लिहा, एकच मजकूर कॉपी-पेस्ट केला की ऑफिसमध्ये तो एकच धरतात. पालकांनी काय होतं असं वाटत असेल तर इमर्शन मुळात आलं कुठून ते बघा, १९६५ मध्ये माँट्रियालजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनी भांडून पहिला वर्ग सुरू करून घेतला. आणि आपल्याच प्रांतात इमर्शनची पद्धत बदलायचा बेत होता, २०२३ च्या जानेवारीत जाहीर सभा झाल्या, लोक रांगेत उभं राहून बोलले, फेब्रुवारीत बेत मागे घेतला गेला.

क्युबेक, ओंटारिओ किंवा न्यू ब्रन्सविकमध्ये असाल तर आणखी एक दार आहे. क्युबेकच्या नॅशनल असेंब्लीची ओंटारिओशी वेगळी आणि न्यू ब्रन्सविकशी वेगळी अशी आमदारांची संघटना आहे. तिथे माणसं कमी, त्यामुळे शाळांच्या जोड्या लावणं, लायब्ररीत पुस्तकं पाठवणं असल्या छोट्या गोष्टी तिकडे मागा.

प्लेइयाद विसरू नका. ऑर्द्र द ला प्लेइयाद हा एपीएफचा सन्मान आहे, फ्रेंच भाषेसाठी आणि संस्कृतींच्या संवादासाठी झटणाऱ्यांना विधानसभेत देतात. आपल्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंचं, नाटक बसवणाऱ्या सरांचं नाव कोणी पाठवतच नाही. तुम्ही पाठवा. तारीख आणि फॉर्म सेक्शनकडे मिळतो, त्या माणसाने नक्की काय केलं ते वर्षांसकट लिहा.

मोठ्या मुलांसाठी एपीएफची फ्रेंच युवा संसद आहे, आणि कॅनडात फ्रेंच तरुणांच्या संघटनाही अशा संसदा भरवतात, तिथे मुलं खरोखर विधेयक मांडतात. पण लहान असतील तर आधी विधानसभा दाखवायला न्या. आम्ही फ्रेडरिक्टनला, आपल्या प्रांताच्या राजधानीला, गेलो तेव्हा लेकीने कानात हेडफोन घातला, चॅनल फिरवलं आणि माझा हात धरून म्हणाली, आई, त्या बाई इंग्लिश बोलतायत आणि मला फ्रेंच ऐकू येतंय! मग अर्धा तास ती चॅनल इकडून तिकडे करत बसली, कुठला शब्द कसा केला ते मला सांगत. इथे १९६९ पासून दोन्ही भाषांना कायद्याने मान आहे, हे मी तिला दहा वेळा सांगितलं होतं, समजलं त्या दिवशी.

आपलं फ्रेंच शुद्ध नाही म्हणून आमदाराशी बोलायला लाजू नका हो. इथे मंक्टनमध्ये शियाक बोलतात, म्हणजे इंग्रजी मिसळलेलं फ्रेंच, "जे पार्के माँ शार" म्हणतात, म्हणजे अगदी आपलं "मी गाडी पार्क केली". तेच लोक ही भाषा विधानसभेपर्यंत घेऊन गेलेत. आणि मॉरिशसचं उदाहरण तर आपल्या घरचं, तिथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, राज्यघटनेत संसदेची भाषा इंग्रजी लिहिलीये पण सदस्याला अध्यक्षांशी फ्रेंचमध्ये बोलायची मुभा कलम ४९ मध्येच दिलीये, तो देशही एपीएफमध्ये आहे.

बैठक संपली की महिनाभर थांबा आणि ऑफिसला फोन करा, आमच्या प्रश्नाचं काय झालं विचारा, ठरावाची प्रत मागा. मिळाली की शाळेच्या पालक समितीत वाचून दाखवा आणि आमदाराला त्या मीटिंगला बोलवा. आमच्याकडे ते आले, कॉफी घेतली, पुढच्या बैठकीच्या आधी स्वतःहून विचारलं की या वेळी काय नेऊ. तेव्हा मात्र यादी तयार ठेवा, आणि त्यातलं एकच द्या.